ग्रिप सुकत आहे, कृपया हात लावू नये

कोणतीही वस्तू घट्ट बसली आहे की नाही, हे ती हलवून पाहिल्याखेरीज कळत नाही. सगळी मानवी प्रगती या एका तत्त्वावर उभी आहे, आणि विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाजूची आमची सुयोगछाया सहकारी गृहनिर्माण संस्था (सभासद छत्तीस, लिफ्ट नाही, पाणी दिवसाआड) तर पूर्णपणेच. मी या संस्थेचा मानद सचिव आहे. मानद म्हणजे शिव्या फुकट खायच्या.

प्रकरण तसं साधं होतं. चौथ्या मजल्यावरच्या कुंडलिकरावांची मुलगी मेघना हिच्या मोटारसायकलची डावी ग्रिप, म्हणजे हँडलवरचं मुठीचं रबर, सैल झाली होती. गाडी मूळची वडिलांची. त्यांचे गुडघे गेले तशी मुलीकडे आली. दीड वर्ष घरी बसल्यानंतर मेघनाला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली होती. दिव्यापासून आंबिवलीपर्यंत घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे, स्वतःच्या गाडीवर. सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचं, पहिल्या दिवशी दांडी चालणार नाही, असं लॅबने बजावलेलं. गुरुवारी सराव म्हणून ती दिव्याला जाऊन आली आणि येताना एका गतिरोधकावर ग्रिप सरकून हातात आली. गाडी दुभाजकाला घासली, पोरगी थोडक्यात वाचली.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक साईनाथ लगेच आला. त्याने ग्रिप काढली, हँडलवरचा तेलकटपणा पेट्रोलने पुसला, पंक्चरवाले लावतात ते सोल्युशन लावलं आणि ग्रिप पुन्हा चढवली.

"ताई, आता चोवीस तास कुणी हात लावायचा नाही. पिळायची तर अजिबात नाही. मग हलली तर माझं नाव बदला," तो म्हणाला.

साईनाथ उत्तम कारागीर आहे, पण बिचारा कधी सोसायटीत राहिलेला नाही.

त्या संध्याकाळी दूध आणायला जाताना मी सहज ग्रिप पाहिली. पाहिली म्हणजे अर्थातच हाताने. डोळ्यांनी पाहून सैलपणा कळत असता तर एवढा प्रश्नच नव्हता. ती किंचित फिरली. मी ती परत जागेवर फिरवून ठेवली. (म्हणजे नुकसान शून्य.)

माझ्या मागोमाग धाकूशेठ आले. आमची इमारत उभी आहे ती जमीन एके काळी त्यांच्या भाताची, त्यामुळे आवारातल्या कोणत्याही वस्तूला हात लावण्याचा त्यांचा हक्क आम्ही मानतो. त्यांनी ग्रिप पिळली, बोटांचा वास घेतला आणि खालूनच हाक मारली, "मेघना, आजून वली हाय गो! कोनाला हात लावू देऊ नको!"

सरोजवहिनींनी दोन बोटांत धरून पाहिली, पोळीचं पीठ पाहावं तशी. दुसऱ्या मजल्यावरच्या मितेशने दोन्ही दिशांना फिरवून "भाई, थोडा प्ले आहे" असा तांत्रिक अभिप्राय दिला. शुक्रवारी चोवीस तास पूर्ण झाले तेव्हा ग्रिप एकूण एकोणतीस जणांनी काळजीपूर्वक तपासलेली होती आणि ती पहिल्यापेक्षा सैल होती. साईनाथने कपाळावर हात मारला आणि पुन्हा सोल्युशन लावलं.

याच काळात उपायही सुचवले गेले. केसांचा स्प्रे, साखरेचं पाणी, तांब्याची तार, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, आणि ज्यांना प्रश्नच नीट कळला नव्हता त्यांच्याकडून खोबरेल तेल. एकूण सतरा उपाय आले. गप्प बसणे हा उपाय कुणी सुचवला नाही.

शुक्रवारी मी स्वखर्चाने पाटी लावली: 'ग्रिप सुकत आहे. कृपया हात लावू नये. हुकुमावरून.' परिणाम तत्काळ दिसला. ज्यांना ग्रिप सुकत असल्याची कल्पनाच नव्हती, त्यांनाही ती मिळाली. शनिवारपर्यंत तपासणाऱ्यांचा आकडा त्रेपन्नवर गेला. त्यात दोन कुरियरवाले आणि बी विंग शोधत आलेला एक गृहस्थ होता. (आम्हाला बी विंग नाही.) साईनाथ तिसऱ्यांदा आला. या वेळी मेघनाने ग्रिपवर गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधलं. आत नक्की काय आहे हे पाहण्यासाठी ते अकरा वेळा सोडलं गेलं आणि प्रत्येक वेळी पुन्हा व्यवस्थित बांधलं गेलं. आमच्याकडे माणसं शिस्तीची आहेत.

आता कठोर पावलं उचलणं भाग होतं. रविवारी सकाळी मी तातडीची सभा बोलावली आणि नऊ जणांची देखरेख समिती नेमली. ग्रिपला कुणी हात लावलेला नाही याची खात्री दर अर्ध्या तासाने करायची, असा ठराव झाला. खात्री कशी करायची, यावर थोडी चर्चा झाली. कुणी हात लावला असेल तर ग्रिप हलेल, सबब ती हलवून पाहावी, असं सर्वानुमते ठरलं. त्यासाठी नोंदवही केली. रकाने चार: नाव, फ्लॅट क्रमांक, वेळ, आणि ग्रिप हलली का (होय / थोडी).

दुपारी मेघना जिना उतरून आली. समितीची पाचवी खात्री चालू होती आणि ग्रिप माझ्या हातात होती.

"काका, काय चाललंय हे?"

"अगं, तुझ्याचसाठी चाललंय. कुणी हात लावत नाही ना, ते बघतोय."

"तुम्ही लावताय! सगळे लावताय! उद्या मला या गाडीवर बसायचंय, काका. गुरुवारी मी दुभाजकावर मरता मरता वाचलेय. एक दिवस, फक्त एक दिवस स्वतःचे हात खिशात ठेवा ना!" आणि ती तिथेच रडायला लागली.

(इतिवृत्तात आम्ही 'सभासदाच्या कन्येने समाधान व्यक्त केले' असं घेतलं. पोरीचं नाव खराब व्हायला नको.)

संध्याकाळी तिने साईनाथला फोन केला, पण तो गावाला गेलेला. मग समितीने ग्रिपची अंतिम तपासणी केली. नऊही सदस्यांनी पिळून पाहिली. सततच्या सरावाने ती इतकी सुरळीत फिरू लागली होती की 'ग्रिप सुस्थितीत असून सहज हाताळण्याजोगी आहे' असं प्रमाणपत्र मी शिक्क्यासह कुंडलिकरावांना दिलं. त्यांनी ते देव्हाऱ्यासारख्या जपलेल्या बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या खणात ठेवलं. भला माणूस. शिक्का दिसला की त्यांना धीर येतो.

सोमवारी पावणेसातला, त्याच गतिरोधकावर, ग्रिप मेघनाच्या हातात आली. मनगटाची दोन हाडं मोडली. साडेसातपर्यंत लॅबने दुसऱ्या मुलीला बोलावून घेतलं होतं.

आम्ही सगळे दवाखान्यात गेलो. माणुसकीत आम्ही कमी नाही. प्लास्टर नुकतंच घातलेलं होतं, आणि सुकेपर्यंत अजिबात धक्का लागता कामा नये असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मेघनाने आम्हाला दारात पाहिलं आणि दुसऱ्या हाताने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. धाकूशेठनी हळूच कोपरा उचलला. सरोजवहिनींनी दोन बोटांनी दाबलं. मी सचिव असल्याने शेवटी पाहिलं. दुसऱ्या दिवशी प्लास्टर नवीन घालावं लागलं.

पुढच्या महिन्यात कुंडलिकराव कुटुंबासह आंबिवलीला राहायला गेले. नवा पत्ता त्यांनी कुणालाच दिला नाही, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटलं.

तेव्हा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट सध्या रिकामा आहे, आणि वाचकहो, तो तुम्ही घ्यावा असं मला वाटतं. हसू नका, मी तुम्हाला ओळखतो. उपायांची यादी वाचताना 'छे, त्यापेक्षा असं करायला हवं होतं' म्हणून अठरावा उपाय तुमच्या मनात येऊन गेलेला आहे. तो तुम्ही आत्ताही घोळवताय. मेघनाचं मनगट आता कसं आहे, हे मात्र तुम्ही अजून विचारलेलं नाही.