गायधनी काकांचा मिक्सर

जेल रोडच्या आमच्या सोसायटीत दाण्याचं कूट कोणी घरी करत नसे. ते गायधनी काका पुरवत. मिक्सर लावल्याशिवाय काकांना विचार करता येत नसे, आणि रिकामा मिक्सर चालवणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे. "रिकामी मोटर फिरवणं पाप हाय, ताई," म्हणत ते बरणी पुढे करत.

मी सोसायटीची सेक्रेटरी. पाण्याची टाकी कधी धुतली, जिन्यातला दिवा कोणी बदलला, कोणाची तक्रार कोणाविरुद्ध, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. गच्चीच्या गळतीबद्दल विचारायला गेले तर काका कोऱ्या चेहऱ्याने बघत राहिले. मग म्हणाले, "थांबा. शांततेत डोकं ट्रिप होतं माझं." आत गेले. घर्रर्र झालं. बाहेर येऊन त्यांनी भेग कुठल्या कोपऱ्यात, डांबर किती आणि कुठला गवंडी बोलवायचा नाही, हे एका दमात सांगितलं. सगळं बरोबर निघालं.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात त्यांची पंचवीस वर्षं टर्बाइनपाशी गेली. "तिथं स्वतःची शिंक ऐकू यायची नाय," ते सांगत. "पहिल्या वर्षी वाटलं, वेड लागणार. मग डोक्यानं तिथंच बस्तान मांडलं. मशीन चालू तर मी चालू." तिथली माणसं एकमेकांशी नुसत्या ओठांनी बोलत. नव्वदच्या दशकात काका निवृत्त होऊन घरी आले, डोकं मात्र टर्बाइनपाशीच राहिलं. सोसायटीच्या सभेत, देवळाच्या शांत हॉलमध्ये, ठरावाखाली लिहायला मी त्यांचं पूर्ण नाव विचारलं, तर त्यांनी मालतीकाकूंकडे पाहिलं. काकूंनीच ते सांगितलं.

लग्नात बँड सुरू झाला की मात्र काका खुलत. मांडवाच्या पार त्या टोकाला कुजबुजणाऱ्या वाढप्यांकडे बघून म्हणत, "पटकन पानावर बसा. जिलबी संपत आली म्हणतायत." ती खरंच संपत आलेली असे.

"माझ्या संसारात मिक्सरची तीन भांडी फुटली," मालतीकाकू हसत म्हणायच्या, "पण ह्यांचा एक निर्णय चुकला नाही."

नाशकात लोडशेडिंग सुरू झालं त्या सुमारास काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. हात हळूहळू हलायला लागला, आवाज मात्र परत आला नाही. नुसते ओठ हलत. घर शांत ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकांनी मिक्सर माळ्यावर टाकला आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेलसुद्धा काढला.

दोन महिने माझ्या तक्रारवहीत आवाजाची नोंद नव्हती. मग एका सोमवारी मिक्सर पुन्हा सुरू झाला. सोबत खडखडणारा टेबलफॅन आणि नुसत्या मुंग्या दाखवणारा टीव्ही. आठवड्यात सात तक्रारी आल्या. आजारी बाईच्या उशाशी हा गोंधळ! बंद करूनच परतायचं, असं ठरवून मी यादी घेऊन गेले. बेल वाजवून उपयोग नव्हता. दार ढकललं.

"काका, आधी हे बंद करा!" मी ओरडले.

"ओरडू नका. दिसतंय मला," ते म्हणाले. माझ्या ओठांकडे बघत होते. पलंगावर काकू उशीला टेकून बसल्या होत्या.

"दोन महिने ही ओठ हलवायची, ताई. मी पाणी आणायचो, उशी बदलायचो, गोळी द्यायचो. ही मान हलवायची आणि रडायची. मला काय उमजायचं नाय. मग वरच्या मजल्यावर फरशी कापायचं मशीन लागलं आणि एकदम दिसलं. ही विचारत होती, तुम्ही जेवलात का."

त्यांनी मिक्सरमध्ये आणखी दाणे टाकले.

"डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, तिला सोसत असेल तर चालू द्या. आता हे बंद व्हायचं नाय. तुम्ही काय ती नोटीस द्या."

तेवढ्यात वीज गेली. वेळापत्रकात दोनची वेळ होती, पाच मिनिटं आधीच गेली. पंखा थांबला, मिक्सर थांबला. काकूंचे ओठ हलले.

काका पुढे वाकले. "काय? पाणी? उशी?"

काकूंनी मान हलवली. पुन्हा ओठ हलले. काकांचा चेहरा सभेत नाव विचारल्यावर झाला होता तसा झाला. आणि या वेळी त्यांच्यासाठी बोलणारं कोणी नव्हतं.

मी यादी स्टुलावर ठेवली. स्वयंपाकघरातून परात आणि लाटणं आणलं आणि बडवायला लागले.

"एकसारखं," काका नजर न हलवता म्हणाले. "टर्बाइन असं थांबत थांबत चालत नाय."

मी एकसारखं बडवलं. काकूंचे ओठ हलले. काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतेय, बाईंना म्हणावं, जरा हळू."

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर लोडशेडिंगच्या वेळापत्रकाखाली मी परातीचं वेळापत्रक लावलं. तक्रारवहीतली सातही नावं त्यात होती. पहिल्या तासाला माझं.