लेवलमामांच्या घरची जमीन

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ वारले. आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. घरात रडारड चालू होती. तेवढ्यात लेवलमामा आत आले, त्यांनी हात जोडले आणि सरळ पोटावर आडवे झाले. गाल जमिनीला, एक डोळा मिटलेला. बायकांना वाटलं, दुःखानं कोसळले. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा फोडला. मामा उठले, गालाची धूळ झटकली आणि वारलेल्या गृहस्थांच्या मुलाला हळूच म्हणाले, "दिनकरराव, खिडकीपाशी जमीन पार बसलीय. तेरावं झालं की बघू."

लेवलमामा म्हणजे आमचे रंगनाथमामा, जालन्याच्या मस्तगडात आमच्या शेजारी राहतात. जुन्या शहाबादीवर नवी टाइल किंवा ते लाकडासारखं दिसणारं विनाइल टाकायचं असलं, की आधी खालची जमीन तयार करावी लागते. खड्डे भरायचे, भेगा बुजवायच्या, मग पोत्यातली पावडर पाण्यात कालवून पातळ थर ओतायचा. तो पसरतो, सारखा होतो आणि दगडासारखा घट्ट बसतो. मामा त्याला नुसतं 'लेवल' म्हणतात आणि तेवढंच काम करतात. वरचं काम दुसरे करतात. फोटो त्याचे निघतात.

हे मला फार जवळचं वाटतं. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलो, आता लिहितो. या देशात सगळं वरून चकाचक आणि खालून पोकळ आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ते मामांना ऐकवलं तर म्हणाले, "भाचे, देशाचं राहू द्या. तुमच्या मोरीचं पाणी उलटं येऊ राह्यलंय." समतेवरचं माझं पत्रक मात्र त्यांनी कौतुकानं मागून घेतलं आणि त्यावर लेवल कालवायचा डबा ठेवला.

नवीन जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीच्या हापिसात त्यांनी मॅनेजरलाच दारात अडवलं होतं. आतला थर ओला होता. बिचाऱ्यानं फोन, डबा आणि एक मीटिंग पायरीवर बसून उरकली. "हापिस तुमचं," मामा म्हणाले, "पर वाळंस्तोर जमीन माही."

सगळ्या जालन्याला शिस्त लावणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरची जमीन गल्लीत सगळ्यात वाईट. उखडलेले चिरे, खड्डे. कौसामामींची नजर काचबिंदूनं पार गेलेली, तरी त्या त्याच घरात चहा-स्वयंपाक करायच्या. गल्ली टोमणे मारायची, "मामा, दिव्याखाली अंधार!" टोमण्यांचं मामांना काही नव्हतं. धास्ती दुसरीच होती.

"पडली न् हाड मोडलं, तर लेक घेऊन जाईल तिला," एकदा ते मला म्हणाले. "ती कवाची म्हणू राह्यली, आईला माझ्याकडं ठेवते. मंग म्या काय भिंतीसंग बोलू?"

दिवाळीआधी त्यांनी मामींना लेकीकडे, कुंभार पिंपळगावला धाडलं आणि स्वतःचं घर कामाला काढलं. जन्मात केलं नसेल असं काम केलं. सगळी गल्ली बघून गेली. मीसुद्धा गाल टेकवून पाहिलं. जमीन नव्हे, भरलेल्या परातीतलं पाणी.

मामी परत आल्या. उंबरा ओलांडून थांबल्या. पायानं चाचपडलं, चार पावलं टाकली आणि खांदा भिंतीवर आदळला.

"अहो, कुणाच्या घरात आणलंत मला?"

"आपलंच हाय की गं."

"न्हाई. फुटक्या चिऱ्यापासून डावीकडं गॅस व्हता. मोरीच्या तोंडाशी खड्डा व्हता. इथं सगळीकडं सारखंच लागतंय."

त्या भिंतीला धरून खाली बसल्या, त्या उठेनातच. मोरीपर्यंतसुद्धा मामांनी हात धरून न्यायचं. होईल सवय, असं गल्ली म्हणत राहिली. मामी खात कमी, बोलत त्याहून कमी. लेकीचा बापाला फोन आला, "दादा, आता ऐका माझं. रविवारी गाडी घेऊन येते." मामांनी हातातली कामं सोडली. कुणाच्या दारात गेले तरी खाली बघेनात.

शनिवारी दुपारी त्यांच्या घरातून ठोकाठोकी ऐकू आली. मी धावलो. आरशासारख्या त्या जमिनीवर मामा गुडघे टेकून छन्नी मारत होते. थराच्या चिपा उडत होत्या. मामी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, अनवाणी पाऊल पुढं करून उभ्या.

"इथं का?"

"जरा अलीकडं. हां."

"एवढा खोल?"

"अजून. अंगठा बसायचा त्यात."

मामांनी दोन घाव घातले, हातानं चुरा बाजूला केला. मामींनी पाऊल ठेवलं, अंगठा आत फिरवला.

"बराबर," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मामांचा खांदा सोडला आणि डावीकडं वळल्या. आतून भांड्याचा आवाज आला, काडी ओढल्याचा आला.

मामा पाठमोरेच बसून राहिले. केसांवर पांढरी धूळ, हातात छन्नी.

"भाचे, बसा," ते म्हणाले. "चहा पिऊनच जा. ती करू राह्यली."