मुसळाचा रकाना

आमच्या फोगो बेटाखालचं भूकवच किती जाड आहे, हे शासनाला तातडीने हवं होतं. म्हणून कवचमापन कक्षाचे एवारिश्तोसाहेब ज्वालामुखीच्या पोटातल्या आमच्या शां गावी आले आणि दोमिंगासमावशीच्या परसात भूकंपमापक यंत्र पुरून गेले. लांबच्या भूकंपांच्या लाटा बेटाखालून कशा येतात, त्यावरून जाडी ठरायची होती.

महिनाभराने निष्कर्ष आला. रोज सकाळी अर्धा तास भूगर्भात नियमित ठोके पडतात. सबब कवच अतिशय पातळ असून मावशीचं घर तीस दिवसांत रिकामं करावं.

"अहो साहेब, ते माझं मुसळ!" मावशी म्हणाली. "काशुपा शिजवायचा तर मका कांडायला नको?"

"असेलही. पण नमुन्यात मुसळाला रकाना नाही."

लाव्ह्याने दोनदा गिळलेलं ते घर मावशीने तिसऱ्यांदा बांधलं होतं. ते वाचवायला तिने आठवडाभर अख्खा मका चावला. ठोके थांबले. कक्षाने कळवलं, 'भूगर्भात दाब साठत आहे', आणि मुदत पंधरा दिवसांवर आणली. तिने घाबरून पुन्हा कांडायला घेतलं. 'साठलेला दाब सुटू लागला आहे.' मुदत आठ दिवस.

शेवटी मीच अर्ज लिहिला, की नमुन्यात मुसळाचा रकाना असावा. खाली सहीही माझीच. अर्ज मंजूर झाला, साहेबांचा सत्कार झाला, घर वाचलं. रकाना इतका सोयीचा निघाला की मावशीच्या परसातला प्रत्येक हादरा त्यातच पडू लागला. बघता बघता कवच चांगलं जाडजूड झालं.

गुड फ्रायडेला आमच्याकडे मुसळाला कुणी हात लावत नाही. त्या सकाळी भिंती तडकल्या, टाकीतलं पाणी उसळलं. मावशीने फोन लावला.

"साहेब, जमीन हलतेय!"

"दिसतंय ना इथे. बाई, आजच्या दिवशीही कांडता? देवाची तरी भीती बाळगा!"

"अहो, मुसळ कोपऱ्यात उभं आहे! तेच थरथरतंय!"

"मग शेजारीण कांडत असेल. मी नोंद केली आहे."

आम्ही जीव घेऊन खाली पळालो. माणसं वाचली, घर तिसऱ्यांदा लाव्ह्याखाली गेलं. अहवालात त्या तारखेपुढे 'मुसळ' एवढंच लिहिलेलं आहे.

"सही तुझीच ना रे, तेओफिलो?" मावशीने विचारलं.

तुम्ही साहेबांना हसताय, हसा. पण तुमच्याकडच्या नमुन्यातही असा एखादा सोयीचा रकाना असेलच. त्याच्या अर्जाखाली सही कुणाची आहे, तेवढं बघून घ्या.