हिराआत्यांची पसंती

मुलीला मॉडेल व्हायचं असेल तर आधी काम देणाऱ्या ऑफिसातली मोरी बघून यावी, असं मत असलेली पनवेलमधली एकमेव बाई म्हणजे आमच्या हिराआत्या.

आमच्या म्हणजे माझ्या घरमालकीण. त्यांची शेतजमीन विमानतळात गेली आणि आलेल्या पैशांतून त्यांनी एसटी स्टँडच्या मागे तीन मजली इमारत उभी केली. वर त्या, खालच्या गाळ्यात माझा फोटो स्टुडिओ. गाळा त्यांचा, तेव्हा माझ्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं बाकडंही आपलंच, असा त्यांचा सरळ हिशेब. सकाळी दहा वाजता गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, मुठीत मिश्रीची डबी अशा थाटात त्या बाकड्यावर बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाची हजेरी घेतात. पासपोर्ट फोटोवाल्यांना त्रास नसतो. पण एखादी पोरगी 'पोर्टफोलिओ करायचाय' म्हणाली, की आत्यांची मिश्री थांबते.

"कोनी सांगला?"

"एजन्सीवाल्यांनी."

"घर बगलं त्यांचं?"

'घर बगलं' हे आत्यांचं पालुपद. त्यांच्या लेखी मुलीला सिनेमात पाठवणं आणि सासरी पाठवणं यांत काडीचा फरक नाही. स्थळ आलं की चार बायका जाऊन घर बघतात. पाणी कुठून भरतात, चूल कशी ठेवतात, म्हातारीला नीट जेवायला घालतात का, शेजारीण काय सांगते, सगळं बघतात. मग अंधेरीच्या ऑफिसला काय सोनं लागलंय?

आता पोर्टफोलिओ हा माझा पोटापाण्याचा धंदा. ही बाई माझ्याच दुकानात बसून माझी गिऱ्हाइकं घालवते आणि मी तिला 'ऊठ' म्हणू शकत नाही! बायकोजवळ कुरकुर केली तर ती म्हणाली, "त्यांनी परत पाठवलेली एक तरी मुलगी नंतर भांडायला आली का?"

बरं, आत्या नाटकसिनेमाच्या विरुद्ध आहेत म्हणावं तर तेही नाही. उलव्याच्या एका मुलीला साड्यांच्या जाहिरातीचं काम आलं, तेव्हा आत्या तिच्यासोबत शूटिंगला गेल्या. संध्याकाळी येऊन म्हणाल्या, "घर बरं हाय. पोरींना कपडे बदलाया येगली खोली, दाराला आतून कडी. दुपारी जेवन, आनि कागदावर लिवलेलं तेवढं पैसं हातात. देऊन टाका पोर." ती मुलगी आज चार ठिकाणी फलकावर झळकते आहे.

उलट गेल्या वर्षी इथल्याच एका हॉलमध्ये 'नवे चेहरे शोधमोहीम' झाली. आत्या तिथे शेवटच्या रांगेत बसून शेंगा खात होत्या. समारोपाला जाहीर झालं की आलेल्या सगळ्याच मुली पुढच्या फेरीसाठी निवडल्या गेल्या आहेत, प्रवेश फी काउंटरवर भरावी. टाळ्या पडल्या. आत्या उठून उभ्या राहिल्या आणि आख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सगल्याच पसंत? असला नवरा मी जन्मात बगला नाय!"

काउंटरवरची रांग तिथेच मोडली.

हे सगळं मी चवीने सांगायचो. हसायचो. आणि मग पाळी माझ्याच घरावर आली.

माझी मुलगी ऋतुजा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. एकांकिकेत काम केलेलं, आणि डोक्यात दुसरं काही नाही. तिला मोबाइलवर एका कास्टिंग कंपनीचा मेसेज आला. तिने स्वतःचा अभिनयाचा एक व्हिडिओ पाठवला आणि दोन दिवसांत उत्तर आलं : मालिकेत नायिकेच्या बहिणीची भूमिका, निवड पक्की, रविवारी अंधेरीला येऊन करारावर सही करा. सोबत आर्टिस्ट कार्ड, वर्कशॉप आणि पोर्टफोलिओचे मिळून साठ हजार आणा. पोर्टफोलिओ त्यांच्याच फोटोग्राफरकडून.

मी स्वतः फोटोग्राफर. माझ्या मुलीचे फोटो दुसरा काढणार आणि त्याचे पैसे मी देणार, यात काही चुकतंय हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पण 'तुमच्या मुलीच्या डोळ्यांत काहीतरी आहे' असं त्या माणसाने फोनवर सांगितलं होतं, आणि हे वाक्य ऐकल्यावर कुठल्या बापाचं डोकं ठिकाणावर राहतं? मी मुदत ठेव मोडायला निघालो.

आत्यांनी बाकड्यावरूनच विचारलं, "घर बगलं?"

"आत्या, मोठी कंपनी आहे."

"मोठ्या घरची मोरी आदी बगाची."

रविवारी आत्यांच्या भाच्याच्या पांढऱ्या गाडीतून आम्ही निघालो. पुढे भाचा, मागे मी, ऋतुजा आणि आत्या. सगळ्यात मागच्या सीटवर आत्यांच्या दोन जावा, अंगभर दागिने घालून. "घर बगाया जाताना पोर सोडून पाच मान्सा लागतात," आत्या म्हणाल्या. ऋतुजा खिडकीकडे तोंड करून बसली होती. मुंबई येईपर्यंत ती एवढंच बोलली, "बाबा, यांनी तिथे काही बोलून माझं काम घालवलं ना, तर मी तुमच्याशी आयुष्यभर बोलणार नाही."

ऑफिस चकाचक. भिंतीवर नटनट्यांचे फोटो, काचेचं टेबल, त्यामागे गॉगल कपाळावर चढवलेला एक तरुण. आत्यांनी त्याला नमस्कार केला आणि विचारलं, "पानी कुठं ठेवता?"

पाणी नव्हतं. मोरीला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे, ते त्याला ठाऊक नव्हतं. दोन्ही जावांनी कपाटं उघडून बघितली. एकात काहीच नाही, दुसऱ्यात दाताच्या डॉक्टरच्या नावाची पाटी, उलटी करून ठेवलेली. आत्या बाहेर गेल्या आणि जिना पुसणाऱ्या बाईशेजारी उकिडव्या बसल्या. दोन मिनिटांत तिच्या माहेरापासून सुरुवात करून त्या मुद्द्यावर आल्या. "ही मान्सा कवापासून हायेत?" ती म्हणाली, "परवा आली. महिनाअखेर जातील. इथं असंच असतं."

आत येऊन आत्या खुर्चीवर बसल्या. पहिल्यांदाच.

"पोर तुमाला पसंत हाय?"

"हंड्रेड परसेंट, आंटी."

"मंग देज किती देता?"

"काय?"

"आमच्यात पोर ज्याला पायजे तो देज देतो. पोरीचा बाप देत नाय. काम तुमचं, पोर आमची, आनि साठ हजार बी आमीच द्यायचं? असं कुठलं गाव तुमचं?"

"आंटी, ये तो रजिस्ट्रेशन है. सब देते हैं. आज नहीं किया तो दुसऱ्या मुलीला रोल जाईल."

"जाऊ दे. पन ज्या मालिकेत पोर घ्याची हाय, त्या मान्सांना एक फोन लाव. मी बोलते."

तरुणाने गॉगल खाली डोळ्यांवर घेतला. खोलीत ऊन नव्हतं. फोन काही लागला नाही. आम्ही परत निघालो आणि मुदत ठेव जिथल्या तिथे राहिली.

मला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ऋतुजा स्टुडिओत येऊन पडद्यापुढच्या स्टुलावर बसली, आणि तिचे डोळे सुजलेले होते. मी म्हटलं, "अगं, पैसे वाचले ना?"

"पैशांचं कोण बोलतंय बाबा? माझ्या डोळ्यांत काहीतरी आहे म्हणाले होते ते. ते फसवे होते, म्हणजे तेही खोटंच ना? आता मला काही येतं की नाही, हे मला कसं कळणार?"

बापाने 'छान करतेस' म्हणण्याला काय किंमत असते?

बाकड्यावरच्या आत्यांनी मिश्रीची डबी बंद केली. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलू लागल्या. "मी धवलारीन व्हते. लग्नात गानी म्हनायची, हलदीपासून वरात येईपर्यंत. एक मानूस आला. बोलला, बाई, असा गला उभ्या रायगडात नाय, तुजी कॅसेट काढू. दोन दिस मी गायले. त्यानं मशिनीत भरून घेतलं. कॅसेटच्या खर्चाला मी कानातल्या बुगड्या दिल्या. तो गेला तो गेलाच."

"वाईट झालं," मी म्हणालो.

"बुगड्यांचं काय, परत घडवल्या. पन तो चोर निगाला, मंग त्याचं बोलनं बी चोराचंच. गला खरंच बरा व्हता का, ते मना कोनी सांगलंच नाय. परत कुठल्या मांडवात माजं तोंड उगडलं नाय."

ऋतुजाने मान वर केली. मी कॅमेऱ्याची काच उगाचच पुसत राहिलो. दहा वर्षं ही बाई माझ्या दुकानात बसते आणि मी तिच्या मोरीचे विनोद सांगत फिरतो, याची मला लाज वाटली.

"पोरी, त्यांना जे करून दावलं ते मना दाव," आत्या म्हणाल्या.

ऋतुजाने केलं. होस्टेलवरची मुलगी घरी बापाला फोन करते, असा तो प्रसंग. आत्या गुडघ्यांवर हात ठेवून टक लावून बघत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "सुरवातीला हात लय हालवतेस, मासं इकतेस जशी. ते नाय बरं. पन बापाला 'जेवलात का' बोल्लीस ना, तवा माज्या पोटात खड्डा पडला. ते खरं हाय."

ऋतुजा रडता रडता हसली. मग स्टुलावरून उठली आणि आत्यांना म्हणाली, "आता तुम्ही म्हणा."

"हॅट! आता कुठला गला?"

"मी खरं सांगेन. आईशप्पथ."

आत्यांनी एकदा रस्त्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि सुरुवात केली. नवरी आईचा उंबरठा ओलांडते, त्या वेळचं गाणं. आवाज जाड, थोडा थरथरता. दोन कडवी म्हणून त्या थांबल्या आणि माझ्याकडे न बघता पोरीकडे बघू लागल्या. मी 'वा, आत्या!' म्हणायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात ऋतुजाने मला हाताने गप्प केलं.

"आत्या, वर जाताना आवाज चिरतो. तिथे बरं नाही वाटत. पण नवरी मागे वळून बघते ना, तिथे माझ्या अंगावर काटा आला. हा बघा."

तिने हात पुढे केला. आत्यांनी तो धरून खरोखरच निरखून बघितला, बराच वेळ.

"चिरतो ना वर?" त्या म्हणाल्या. "मनाबी तवाच वाटलं व्हतं." आणि डोळे पुसत माझ्याकडे वळल्या. "सुहास, दार लाव रं जरा. परत एकदा म्हनते."