बेर्त्राँसाहेबांच्या ब्रेकची तार

"तार तुटलीच तर मी आहे ना!" असं मी हेरीमामाला छातीठोकपणे सांगितलं होतं. पदार्थविज्ञानाची पदवी काय भिंतीवर टांगायला घेतली?

मामा बारा वर्षं इथे परदेशात, लियाँत, वालिहा वाजवतोय. बांबूच्या नळीवर ताणलेल्या तारा, बस्स. आजवर आमच्या मलागासी लोकांची लग्नं, बारशी, आणि एकदा तर सुपरमार्केटमध्ये अननसांच्या शेजारी! त्या रविवारी मात्र टेकडीवरच्या खऱ्याखुऱ्या सभागृहात कार्यक्रम होता. संचालक बेर्त्राँसाहेबांना आवडला, तर अकरा गावांचा दौरा!

वीस मिनिटं उरली असताना, टण्ण!

"जादाची तार दे," मामा म्हणाला.

"ती... घरी राहिली."

"शाब्बास! आणि म्हणे विज्ञान शिकलीस!"

तिकडे मायदेशी, आमच्या अंतानानारिवोत, अशा वेळी कुणी घाबरत नाही. मोडीतल्या सायकलची ब्रेकची तार काढायची, पीळ उलगडायचा, त्यातला एक धागा वालिहावर चढवायचा. सभागृहामागे एक सायकल होतीच. गंजलेली. चाकात कोळ्याचं जाळं. निष्कर्ष सरळ होता : कित्येक महिन्यांत हिला कुणी हात लावलेला नाही! (कोळी एका रात्रीत जाळं विणतो, हे मी नंतर वाचलं.)

मामानं काय वाजवलं! नवी तार तर अशी खणखणली, की बेर्त्राँसाहेब खुर्चीच्या टोकावर आले. "उद्या करारावर सही करू!" म्हणत ते मागच्या दारानं बाहेर पडले आणि सायकलवर बसले.

त्याच सायकलवर.

"साहेब, थांबा!" मी किंचाळले.

"तेच जमत नाहीये!" उतारावरून उत्तर आलं.

मी काढली ती पुढच्या ब्रेकची तार; मागचा ब्रेक दीड वर्षापासून नुसता नावाला होता, हे मला कोण सांगणार?

शेवटी खालच्या भाजीवाल्याच्या कोबीच्या ढिगानं त्यांना अडवलं. सायकल ढकलत ते वर, थेट सभागृहात आले. कानावर कोबीचं पान.

"माझा ब्रेक कुणी नेला?"

मी छताचं निरीक्षण करू लागले. मामानं माझ्याकडे पाहिलं, मग वालिहाकडे. अकरा गावं त्याच्या डोळ्यांसमोरून उतारावरून गेली असणार.

"इथे आहे साहेब," तो म्हणाला. "ही बघा, डावीकडून तिसरी तार."

साहेब वाकले. "ही माझी?"

"तुमचीच."

"वाजवा बघू."

मामानं वाजवली. साहेबांनी कान जवळ नेला. पान खाली पडलं.

"पुन्हा!"

चारदा ऐकून ते गेले. पायी.

करार दुसऱ्या दिवशी आला. अकराच्या अकरा गावं! कलम एकच जास्तीचं : कलाकारानं भाचीला सोबत आणू नये.

कुठलाही कागद आठवडाभर वाचणाऱ्या मामानं उभ्याउभ्या सही केली.