डोंगर निघाला कॉलेजला

परीक्षेच्या दिवशी सकाळी घोरपडीच्या लक्षात आलं की डोंगर खोलीच्या दारातून बाहेर जात नाही.

घोरपड हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण एकदा एखादी गोष्ट धरली की जीव गेला तरी सोडायची नाही, म्हणून वर्गानं तिला हे नाव दिलं, आणि आता तर भूगोलाचे सरही हजेरी घेताना चुकून तेच म्हणायचे. गेल्या वर्षी प्राकृतिक भूगोलाच्या प्रात्यक्षिकात ती नापास झाली होती. थर्माकोलचा ज्वालामुखी केला होता आणि तो तिनं खरंच पेटवून दाखवला. सरांच्या टेबलाचा कोपरा अजून काळा आहे. त्यामुळे यंदा शेवटची संधी. बाबांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, "पास झालीस तर दुसरं वर्ष. नाहीतर काकाच्या गाद्यांच्या दुकानात बसायचं. मग भोकाड पसरायचं नाही." आणि घोरपडीला कापूस नुसता दिसला तरी शिंका सुरू!

म्हणून यंदा तिनं जीव ओतून वली पर्वत केला होता. म्हणजे जमिनीला दोन्हीकडून दाब बसून घड्या पडतात ना, तसला. प्लायवूडच्या फळीवर माती, कागदाचा लगदा, वरून प्लास्टर, प्रत्येक थराला वेगळा रंग. सर म्हणाले होते, मॉडेल मागच्या बाकावरून दिसलं पाहिजे. हा मागच्या गल्लीतूनही दिसला असता. गोची एवढीच झाली की फळी खोलीत आणताना ती उभी करून आणली होती, आणि पर्वत काही उभा करून नेता येत नाही.

"आधी माप नाही घेतलंस?" दादानं विचारलं. दादा चष्म्याच्या दुकानात कामाला. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट घालून तो निघण्याच्या बेतात होता.

"घेतलं होतं ना. पर्वताचं घेतलं. दाराचं कोण घेतं?"

"दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काय खोटं नाही," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "पंधरा दिवस त्या खोलीत झाडू मारता आलेला नाही मला."

"दादा, करवत आण."

"अगं, मला उशीर होतोय!"

"म्हणूनच म्हणतेय. पटकन आण."

दादानं एका बाजूनं कापत आणलं, मग दुसऱ्या बाजूनं कापत आणलं, पण दोन्ही चिरा काही एकमेकींना भेटल्याच नाहीत. शेजारून निघून गेल्या, भांडण झालेल्या जावांसारख्या. मधली पट्टी धप्पकन खाली गेली आणि दोन्ही बाजूंना पर्वत उभाच राहिला. दादा करवत हातात धरून थिजला. आता ही रडणार, असं त्याला वाटलं.

घोरपडीनं नाक पुसलं, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "दोन विभंगांमधला, म्हणजे तड्यांमधला, भूभाग खाली खचला की खचदरी तयार होते. चौथा धडा. चालेल."

"चालेल?"

"पळेल! कुठलंही भूरूप आणा, फक्त ते कसं तयार झालं हे सांगता आलं पाहिजे, असं सर म्हणालेत. आणि हे कसं झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. उचल."

आईनं माळ्यावरचा एक पत्रा काढून दिला. खचदरी तुकड्यातुकड्यांनी दाराबाहेर आली, पत्र्यावर चढली, सुतळीनं आवळली गेली आणि एका बाजूनं बहीण, दुसऱ्या बाजूनं भाऊ अशी बसमध्ये शिरली.

"हे काय आहे?" कंडक्टर म्हणाला.

"खचदरी."

"तिचं अर्धं तिकीट लागेल."

मागच्या लांब सीटवर खचदरी ठेवली आणि दोघं तिच्यापुढे राखण करत उभी राहिली. पुढच्याच वळणावर ड्रायव्हरनं असा काही ब्रेक मारला की सगळी बस पुढे गेली आणि मग मागे आली. मागे येताना एक धिप्पाड काका भावाबहिणींच्या मधून आले आणि थेट खचदरीवर बसले. मस्त ऐसपैस बसले.

"अरे बापरे! सॉरी हं पोरी, मला वाटलं सीट मऊ आहे." काका उठायला लागले.

"काका, हलू नका!" घोरपड ओरडली. सगळी बस वळून बघायला लागली. "आता सरळ वर उठा. अगदी सरळ. बाजूला सरकू नका, कडे मोडतील."

काका घाबरून लिफ्टसारखे वर उठले. खाली सपाट माथा आणि चारी बाजूंना तुटलेले कडे.

"पठार," घोरपड म्हणाली. "सहावा धडा."

"तू घरी चल," दादा म्हणाला. "मी आपल्या गादीवाल्या काकाशी बोलतो. दुकानात पंखा लावून घेऊ तुझ्यासाठी."

"मी पठार घेऊन जाणार."

कॉलेजच्या फाटकाशी माळी हिरवळीला पाणी घालत होता. दोन माणसं पत्र्यावरून काहीतरी नेताहेत, काय बुवा असेल, म्हणून बिचारा बघायला वळला. तो वळला तसा त्याच्या हातातला पाइपही वळला. प्लास्टर वरून वाळलेलं होतं, पण आत माती अजून ओलीच होती. वर कॉलेजच्या पायऱ्या. घोरपड पुढे, म्हणजे वर. दादा मागे, म्हणजे खाली. पुढचं सांगायला नको. पठारावरून ओढे निघाले, ओढ्यांची नदी झाली आणि नदी सगळा चिखल घेऊन दादाच्या पांढऱ्या शर्टावर उतरली.

"थांब!" दादा किंचाळला.

"थांबलो तर पाणी साचेल. चल!"

प्रयोगशाळेत सगळ्यांची मॉडेलं रांगेत मांडलेली होती. एकदम चकचकीत. बाहेरून आलेल्या परीक्षकबाई एकेकाला विचारत होत्या.

"हिमनदीची ही दरी कशी तयार झाली?"

"मॅडम, तयारच मिळते. स्टेशनरीच्या दुकानात."

बाईंनी काहीतरी लिहिलं. मग त्या घोरपडीच्या टेबलापाशी आल्या. पत्र्यावर ओली, सपाट, तपकिरी माती आणि एका कोपऱ्यात मूठभर उंचवटा. सरांनी काळ्या कोपऱ्याच्या टेबलावर डोकं टेकवलं.

"हे काय?"

"समप्राय मैदान, मॅडम. आणि ही अवशिष्ट टेकडी."

"तू वली पर्वत करणार होतीस ना?" सरांनी डोकं न उचलता विचारलं.

"केला होता सर. झिजला."

"कधी?"

"आज सकाळी."

वर्ग फिदीफिदी हसला. बाई हसल्या नाहीत. "सांग बघू, कसा झिजला ते."

मग घोरपड जी सुटली! आधी घड्या, मग विभंग, मग मधला भाग खचला, मग वरून प्रचंड दाब येऊन माथा सपाट झाला, मग उतार, उतारावर वाहतं पाणी, पाण्याबरोबर माती. कुठे म्हणून अडखळली नाही. सगळं तासाभरापूर्वी तर घडलं होतं!

"छान. पण एक राहिलं." बाईंनी पेन्सिल पत्र्यावर टेकवली. "एवढा पर्वत झिजला, तर गाळ कुठे गेला? निसर्गात काही हवेत विरून जात नाही."

घोरपडीच्या डोळ्यांपुढे गाद्यांचे ढीग उभे राहिले, नाकात शिंक आली. तिनं ती गिळली.

"मॅडम, गाळ बाहेर उभा आहे."

"कोण उभं आहे?"

तिनं दार उघडलं आणि दादाला दंडाला धरून आत ओढलं. छातीपासून पोटापर्यंत चिखलाचे फाटे फुटले होते, वर एक आणि खाली पसरत पसरत सात-आठ. "त्रिभुज प्रदेश," घोरपड म्हणाली. "नदीमुखाशी. म्हणजे पँटच्या पट्ट्याशी."

बाईंनी चष्मा लावला आणि दादाच्या भोवती एक चक्कर मारली. "अरे वा! जाड गाळ वर राहिलाय, बारीक खाली आलाय. मुलांनो, वह्या काढा. आकृती काढून घ्या."

"मॅडम, मला दुकानात जायचंय," दादा म्हणाला.

"हलू नका. मुख्य प्रवाह बिघडतोय."

अख्ख्या वर्गानं दादा काढला. मागच्या बाकावरूनही तो व्यवस्थित दिसत होता.

निकाल लागला तेव्हा प्रात्यक्षिकात घोरपड वर्गात पहिली. बाबा दोन दिवस ज्याला त्याला सांगत फिरले. आईनं खोलीत पोटभर झाडू मारून घेतला. दादा तेवढा शर्ट भिजत घालून बसला होता. तिसऱ्यांदा.

"मग, दुसऱ्या वर्षाला काय असतं गं?" बाबांनी कौतुकानं विचारलं.

"सागरविज्ञान," घोरपड म्हणाली. डोळ्यांत तीच ती चमक. "मी लाटा करणार आहे. खऱ्या."

दादानं शर्ट पिळता पिळता मान वर केली. "परीक्षा कधी आहे?"

"अजून तारीख लागली नाहीये."

"लागली की सांग. मी त्या दिवशी गावाला जातोय."