बांगड्याचा नैवेद्य

देव्हाऱ्यात नुसता भात ठेवायच्या ऐवजी त्या रविवारी इसोगाईने भाजलेला बांगडा ठेवला. बाकी सगळं त्या बांगड्यामुळे झालं.

रीत भाताची होती. सकाळी कुकरचं झाकण उघडलं की पहिला चमचाभर भात पितरांचा. तो पितळेच्या छोट्या वाटीत ठेवायचा, शेजारी चहा, घंटा एकदा वाजवायची, हात जोडायचे, मग आपण जेवायचं. इसोगाईच्या आईवडिलांसाठी हे सगळं त्याची बायको फुसाए करत आली होती. फेब्रुवारीत फुसाए स्वतःच देव्हाऱ्यातल्या फोटोत जाऊन बसली आणि वाटी इसोगाईच्या हातात आली. (नगरपालिकेच्या पाणी खात्यातही त्याच्याकडे कामं अशीच यायची. आधीचा माणूस उठून गेला की.)

फुसाएला कोरडा भात आवडत नसे. भर उन्हाळ्यात एका रविवारी इसोगाईच्या एकदम लक्षात आलं, की गेले कित्येक महिने आपण तिला रोज कोरडा भात वाढतोय आणि बिचारी काही बोलत नाहीये. तो बाजारात गेला आणि खारवलेला बांगडा घेऊन आला.

संध्याकाळी ताटली खाली उतरवली तर तिच्यात काटा होता, कातडी होती, मांस मात्र नव्हतं.

इसोगाई ताटली धरून उभाच राहिला. फुसाए बांगड्याची कातडी कधी खात नसे. चॉपस्टिकने अलगद सोलून ती त्याच्या ताटात टाकायची आणि म्हणायची, "घ्या, तुमचा वाटा."

तो काही अडाणी नव्हता. पहिला विचार त्याच्या मनात मांजराचाच आला. पण किनाको चौदा वर्षांची होती. भाजलेल्या सोयाबीनच्या पिठासारखा रंग म्हणून फुसाएने तिला ते नाव ठेवलं होतं, आणि अलीकडे तर सोफ्यावर चढायचं झालं तरी फुसाए तिला उचलून ठेवायची. देव्हारा होता उंच कपाटावर. इसोगाईने किनाकोकडे पाहिलं. ती कोपऱ्यात, देवळातल्या मूर्तीलाही जमणार नाही इतक्या निर्विकार चेहऱ्याने झोपली होती. त्याने विचार तिथेच थांबवला. (फाईल नेमकी कुठे थांबवायची हे त्याला कचेरीतही चांगलं कळायचं.)

पितरांचं खाऊन झालं की उरलेलं घरच्यांनी खायचं, हीही रीतच. इसोगाईने कातडी खाल्ली. खूप दिवसांनी कुणाबरोबर तरी जेवल्यासारखं वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्याने क्रीम पफ ठेवला. आतलं क्रीम गेलं, वरचं कवच राहिलं. फुसाए असाच खायची! मग मात्र त्याला राहवेना. एकदा बांगडा करपला तर तो तसाच्या तसा राहिला. इसोगाईने फोटोपुढे मान खाली घातली, आणि दुसऱ्या दिवशी विस्तवापासून न हलता नवा भाजला. तो साफ! तीस वर्षांच्या संसारात त्याच्या स्वयंपाकावर फुसाएने मत दिलं नव्हतं, कारण स्वयंपाक त्याने केलाच नव्हता. आता रोज संध्याकाळी निकाल लागत होता. कचेरीत साहेब निवृत्तीबद्दल बोलत असले तरी इसोगाईच्या डोक्यात उद्याच्या तिच्या जेवणाचा विचार चाललेला असे.

त्याच सुमारास किनाको ओकायला लागली.

आधी चटईवर, मग त्याच्या डाव्या बुटात. मग आळीच्या सूचनांची फिरती पाटी घरी आली होती, तिच्यावर. ही पाटी वाचून, शिक्का मारून शेजारच्या घरी द्यायची असते. इसोगाईने ती पुसली, वाळवली आणि पुढे दिली. अक्षरं इतकी फिसकटली होती, की कचऱ्यात बाटल्या ठेवायच्या दिवशी पुढच्या सगळ्या घरांनी जुन्या गाद्या आणून ठेवल्या.

त्याने किनाकोला डॉक्टर उराताबाईंकडे नेलं.

"खाते काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलेलंच. म्हाताऱ्या मांजरांचे दाणे."

"पोटभर?"

"छे, हुंगते आणि निघून जाते."

डॉक्टरांनी किनाकोला काट्यावर ठेवलं, चष्मा पुसला आणि काटा पुन्हा पाहिला. "इसोगाई-सान, न जेवता वजन वाढणारं मांजर मी पहिल्यांदाच बघतेय. घरात दुसरं काही मिळतं का हिला? मासे? गोडधोड?"

"मांजराला मी कधी मासा दिलेला नाही," इसोगाई म्हणाला. आणि ते अगदी खरं होतं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. स्वादुपिंडाला सूज होती. "स्निग्ध पदार्थ पोटात गेल्यावर होतं तसं वाटतंय, पण तुम्ही म्हणता तसं काही नाही. मग कारण दुसरं असेल. हे असंच चालू राहिलं तर या वयात मला फार काही करता येणार नाही."

'फार काही करता येणार नाही.' जानेवारीत दुसऱ्या एका डॉक्टरांनी, एका मोठ्या इस्पितळाच्या जिन्यापाशी, हेच शब्द याच आवाजात सांगितले होते. इसोगाईने किनाकोची टोपली छातीशी धरली आणि तो चालत घरी गेला. बस होती, पण बसमध्ये लोक असतात.

फुसाएच्या हाताची ऊब ओळखणारं आता या घरात ते एक मांजरच उरलं होतं. इसोगाई देव्हाऱ्यापुढे बसला. मागणं मागायची त्याला सवय नव्हती. "अगं," तो म्हणाला, "किनाकोला सांभाळ." रिकाम्या हाताने कसं मागायचं, म्हणून त्याने देव्हाऱ्यात ईल मासा ठेवला, सॉसमध्ये घोळवून भाजलेला, तुपासारखा तेलकट.

दुसऱ्या दिवशी किनाको जास्तच ओकली. त्याने दुप्पट ईल ठेवला.

त्या आठवड्यात किनाकोला सलाइन लावावं लागलं. तिसऱ्या दिवशी ती घरी आली ती पायावरची लव कापलेली, डोळे खोल गेलेले, अशी. दुसऱ्याच दिवशी फुसाएच्या महिन्याची तिथी होती. मठातले गुरुजी सूत्रपठणाला आले. फुसाएची थोरली बहीण हिदेयो क्रीम पफचा डबा घेऊन आली.

"काय हो, घर आहे की गोदाम?" आल्या आल्या तिने विचारलं. "एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला आलेल्या पाहुण्यांची आसनं अजून कपाटाला टेकून रचलेली! फुसाए असती तर—"

"उचलणार आहे, ताई."

"एप्रिलपासून उचलताय तुम्ही!"

गुरुजींनी उदबत्ती लावली, डोळे मिटले आणि पठण सुरू केलं. मागे इसोगाई आणि हिदेयो गुडघे मोडून, माना खाली घालून बसले. सूत्र लांब होतं, आणि मध्ये थांबायची सोय नव्हती.

किनाको कोपऱ्यातून उठली. आळस दिला. मग चालत आसनांच्या ढिगापाशी आली आणि म्हातारी बाई देवळाच्या पायऱ्या चढते तशी, एकेका आसनावर दम खात वर चढली. ढिगावरून, गुरुजींच्या कानाजवळून, कपाटावर. कपाटावरून थेट देव्हाऱ्यात.

"मांजर!" हिदेयोने कोपर मारलं.

"दिसतंय."

"मग उठा ना!"

इसोगाई उठला नाही. किनाकोने पंज्याने नैवेद्याला ठेवलेला क्रीम पफ फोडला, आतलं क्रीम सावकाश, मन लावून चाटलं आणि कवच नीट बाजूला सारलं. गुरुजींचं सूत्र चाललेलंच होतं. सगळं अनित्य आहे अशा अर्थाचा भाग आला होता. (तो इसोगाईला पाठ होता. आज पहिल्यांदा कळला.)

"अहो, मरेल ना ते!" हिदेयो कुजबुजली.

तेव्हा मात्र तो भानावर आला. उठायला गेला, तर दोन्ही पाय बधिर झालेले. तो उभा राहिला तसा सरळ पुढे गेला आणि गुरुजींच्या पाठीवर आदळला. गुरुजी घंटेवर आदळले. घंटा घरात कधी वाजली नव्हती इतकी वाजली. किनाको दचकून खाली आली आणि गुरुजींच्या जांभळ्या आसनावर तिने क्रीम परत केलं.

सूत्र थांबलं. गुरुजींनी आसनाकडे पाहिलं, किनाकोकडे पाहिलं, मग कपाळ चोळत म्हणाले, "आमच्याकडे तीन आहेत. म्हणून मठात आम्ही प्लास्टिकची फळं ठेवतो."

हिदेयोचं डोकं मात्र भराभर चालत होतं. "म्हणजे रोज ठेवत होतात ते सगळं... फोनवर मला सांगायचात, आज तिला आवडलेलं दिसतंय..." तिचा आवाज जरासा हलला, पण तिने तो लगेच सावरला. "आणि उरलेलं? त्याचं काय करत होतात?"

"मी खायचो."

"मांजराचं उष्टं?"

इसोगाई गुरुजींचं आसन पुसायला लागला.

"सगळा उन्हाळा?"

"गेल्या आठवड्यापर्यंत," तो म्हणाला. खोटं बोलून आता उपयोग नव्हता.

हिदेयोने तोंडाला रुमाल लावला. ती हसतेय की रडतेय ते त्याला कळेना. तिलाही कळत नसावं. गुरुजी चहाकडे बघत बसले.

त्याच दुपारी इसोगाई किनाकोला घेऊन उराताबाईंसमोर बसला. बांगडा, क्रीम, ईल, सगळं सांगितलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं, घरात आणखी काही मिळतं का हिला," डॉक्टर म्हणाल्या.

"ते तिचं नव्हतं. बायकोचं होतं."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर कुणीतरी कुत्र्याला 'बस' म्हणत होतं आणि कुत्रं बसत नव्हतं. "हे थांबवावं लागेल," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज मऊ होता. "पुढच्या वेळी ती वाचेल असं मी सांगू शकत नाही."

"हो."

"जमेल?"

"जमेल," तो टोपलीकडे बघत म्हणाला. किनाको टोपलीतून त्याचं बोट चाटत होती. जिभेला अजून क्रीमचा वास होता.

घरी येऊन त्याने आसनं उचलली आणि माळ्यावर टाकली. देव्हाऱ्यात पुन्हा चमचाभर भात आणि चहा. संध्याकाळी वाटी उतरवली की भात तेवढाच, वरून सुकलेला. किनाको चार दिवस देव्हाऱ्याखाली बसून ओरडली. मग भूक लागली तशी नाइलाजाने दाणे खायला लागली. ओकणं थांबलं. डोळ्यांत चमक परत आली. घर इतकं शांत झालं, की फ्रिज कधी चालू होतो आणि कधी बंद, हे इसोगाईला कळायला लागलं.

एका रविवारी भात ठेवून, घंटा वाजवून तो उठणार होता. उठला नाही. "आज पण भातच आहे," तो फोटोला म्हणाला. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, "किनाको बरी आहे." मग पाणी खात्यातल्या बदल्या सांगितल्या. हिदेयोताईंच्या गुडघ्याचं सांगितलं. गाद्यांचा घोटाळा सांगितला. जानेवारीत जिन्यापाशी डॉक्टर काय म्हणाले होते, जे त्याने तेव्हा तिच्यापासून लपवलं होतं, तेही सांगितलं. कुकरमधला भात गार झाला. इतकं तो तिच्याशी सलग कधी बोलला नव्हता. किनाको येऊन समोर बसली, कान टवकारून ऐकत राहिली, आणि मग मान लांब करून त्याच्या गुडघ्यापुढे ओकली.

इसोगाई लंगडतच फोनपाशी गेला. त्याने उराताबाईंच्या घरी फोन लावला.

"काय पडलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"केसांचा गोळा. नुसता."

"खाल्लं काय होतं?"

"काही नाही. सकाळचे दाणे अजून दिलेलेच नाहीत."

"घाबरू नका मग. आधी काय चाललं होतं? धावली, घाबरली, काही वेगळं झालं घरात?"

"वेगळं म्हणजे..." इसोगाई अडखळला. "मी बोलत होतो. बायकोशी."

पलीकडे चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"किती वेळ?"

"पाऊण तास झाला असेल."

"एवढ्याची सवय नसेल तिला," डॉक्टर म्हणाल्या. "बंद करू नका. पण सुरुवातीला थोडं थोडं द्या."